जोडावरचा पांढरा डाग

तुम्ही ज्या जीपमध्ये बसून घाट चढता, तिच्या पुढच्या चाकाला धरून ठेवणारा लोखंडी आर्म अखंड आहे की कापून जोडलेला, हे तुम्ही बसण्याआधी कधी वाकून पाहिलंय का?

नसेल पाहिलं. मीही पाहिलं नव्हतं. तरीही मी त्यावर पत्रक काढलं आणि महाडच्या एसटी स्टँडवर, पोलादपूरच्या नाक्यावर गठ्ठेच्या गठ्ठे वाटले. त्या पत्रकातलं एक वाक्य उलटं होतं. कोणतं, ते एका माणसाला पत्रक हातात पडल्याबरोबर कळलं होतं, पण तो सांगायला तयार नव्हता. "शोध," एवढंच म्हणाला. त्या माणसाबद्दल मला नेमकं काय वाटतं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ठरवता येत नाही म्हणूनच लिहायला बसले आहे.

पोलादपुरात महामार्गाला महाबळेश्वरचा रस्ता फुटतो, तिथून थोडं पुढे त्याची शेड होती. चार खांब, वर पत्रे, मागे करवंदीची जाळी. लोक त्याला उद्याशेठ म्हणायचे. कारण कोणीही काम घेऊन आलं की तो पहिलं वाक्य बोलायचा, "उद्या मिळंल." दहा मिनिटांचं काम असलं तरी उद्या. उन्हाळ्यातसुद्धा डोक्याला माकडटोपी, आणि ती का, हे विचारलं की म्हणायचा, "कान गरम राहिलं की ऐकू चांगलं येतं." लोखंडाचा तुकडा हातात आला की तो आधी त्यावर छोट्या हातोडीने टिचकी मारायचा आणि कान लावायचा. आवाज पसंत पडला नाही तर तुकडा परत द्यायचा. कारण सांगायचा नाही.

त्याचं काम काय, हे सांगते. आमच्याकडच्या वाड्यांवर जाणारे रस्ते नुसते दगडांचे. गाडीचं पोट घासतं. म्हणून जीपवाले पुढची बाजू दोनतीन बोटं उचलून घेतात. त्यासाठी चाक आणि सांगाडा यांना धरून ठेवणारा आर्म काढायचा, कापायचा, त्याचा कोन बदलायचा, मध्ये जाड पट्टी घालून वेल्डिंगने पुन्हा जोडायचा. कारखान्यात ठोकून एका तुकड्यात घडवलेली वस्तू अशी कापून जोडणं नियमाबाहेर आहे. चुकीचं आहे. हे मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते.

आमचं घर पत्रकांचं. बाबा महाडात एका छापखान्यात खिळे जुळवायचे. पाणी, जमीन, रेशन, मजुरी, कशावरही पत्रक निघालं की त्याची पहिली ओली प्रत आमच्या स्वयंपाकघरात दोरीवर वाळत असायची. चुकलेल्या प्रतींच्या पाठीवर मी गणितं सोडवली. बाबांचा एक नियम होता. पत्रकात 'कदाचित' लिहायचं नाही. ज्याला कदाचित म्हणायचंय त्याने घरी बसावं, असं ते म्हणायचे. मी त्या नियमावर वाढले. त्यामुळे माणूस दिसला की तो कोणत्या बाजूचा, हे मला लगेच ठरवावं लागतं.

आणि माझी ताई पोलादपूरच्या वरच्या एका वाडीत दिलेली आहे. भावोजींची जीप ही त्या वाडीची एकुलती एक गाडी. शाळेची मुलं, दवाखान्याची म्हातारी, दुधाचे कॅन, सगळं त्यातून. ती जीप त्याने जोडलेल्या आर्मवर चालत होती. म्हणजे मी ज्याच्याविरुद्ध लिहिणार होते त्या जोडावर माझी ताई आणि तिची दोन मुलं रोज बसत होती. म्हणून तर मला लिहायचं होतं.

पहिल्यांदा गेले तेव्हा वही घेऊन गेले, त्याला उघडं पाडायला. तो उकिडवा बसून ब्रशने काहीतरी घासत होता.

"गाडी कुठं हाय?" त्याने मान वर न करता विचारलं.

"गाडी नाही. मला माहिती हवीय."

"कोण कोण बसतं?"

"कशात?"

"गाडीत गो."

"काका, माझ्याकडे गाडीच नाही."

"मग आलीस कशी?"

"एसटीने."

"एसटी मी जोडत नाय," म्हणाला आणि पुन्हा घासायला लागला.

हा 'कोण कोण बसतं' त्याचा ठरलेला प्रश्न होता. आर्म घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला तो विचारायचा आणि उत्तरात नावं मागायचा. एकदा हिरकणीवाडीकडचा एक जीपवाला आला. गड बघायला येणाऱ्या लोकांची ने-आण करणारा, गॉगल केसांवर चढवलेला.

"शेठ, सहा इंच उचला. लांबनं दिसली पायजे गाडी."

"कोण कोण बसतं?"

"पॅसेंजर."

"नावं सांग."

"अवो, पॅसेंजरची नावं कुठं लक्षात ठेवू? रोपवेला आलेली माणसं. आज पुण्याची, उद्या नाशिकची."

"मग जा. ज्याचं नाव तुला ठावं नाय त्याला मी कशाला वर उचलू? आणि सहा इंच उचललीस तर चढायला शिडी ठेवणार काय?"

तो शिव्या देत गेला. मी वहीत लिहिलं: माणसाला माणूस म्हणून बघतो. मला तो आवडायला लागला होता आणि त्याचा मला राग येत होता. पण त्याच आठवड्यात खडीचा डंपर आला आणि ह्याने एक अक्षर न विचारता त्याचा तुटलेला भाग हातात घेतला. मी म्हटलं, "इथे नाही विचारलं कोण बसतं ते?"

"खडी बसते. दगडाला काय नाव?"

"आणि चालवतो तो?"

तो थांबला. मास्क वर केला. बाहेर बिडी ओढत उभ्या असलेल्या ड्रायव्हरकडे बराच वेळ बघत राहिला, मग ओरडला, "काय रे, नाव काय तुझं?" ड्रायव्हर बिचकला, नाव सांगितलं. ह्याने अर्धा झालेला जोड ग्राइंडरने कापून काढला आणि म्हणाला, "उद्या ये." ड्रायव्हरने माझ्याकडे असं बघितलं की मी दुसऱ्या दिवशी तिकडे फिरकले नाही.

शेडच्या कोपऱ्यात एक पत्र्याचा डबा होता आणि त्यात रात्रंदिवस पिवळा बल्ब जळायचा. मला वाटलं, देवाचं काही असेल. वाटलं कसलं, मी वहीत 'अंधश्रद्धा?' असं लिहूनही टाकलं. डब्यात वेल्डिंगचे रॉड होते. आमच्याकडची हवा पावसाळ्यात इतकी ओली की मीठसुद्धा पाझरतं. रॉड ओला झाला तर जोडात बुडबुडे राहतात. "ओला रॉड शिंकतो," तो म्हणायचा. 'अंधश्रद्धा?' हा शब्द मी खोडला.

दुसऱ्या कोपऱ्यात राखेची पेटी होती, पाळण्याएवढी. गिरणीतून आणलेल्या भाताच्या तुसाची राख. जोड झाला की तो लाल आर्म त्या राखेत पुरायचा आणि वरून गोणपाट टाकायचा. "निजू दे तिला," म्हणायचा. आर्मला तो 'ती' म्हणायचा, 'बाय' म्हणायचा. बाय रात्रभर राखेत हळूहळू थंड व्हायची. म्हणून 'उद्या'. तापलेलं पोलाद एकदम थंड झालं तर ते कडक होतं आणि कडक झालेलं पोलाद वाकत नाही, फाटतं. हे त्याला कोणी शिकवलं ते विचारलं तर म्हणाला, "फाटलेल्यानी."

जोड झाल्यावर नारळ फोडायची आमच्याकडे रीत आहे. गाडीचं कुठलंही मोठं काम झालं की चाकापाशी नारळ आणि त्याचं पाणी नव्या कामावर शिंपडायचं. त्याच्या शेडमध्ये नारळाला बंदी होती. पिशवीत नारळ दिसला की तो माणसाला रस्त्याच्या पलीकडे उभा करायचा. मी बाबांना फोन करून सांगितलं, हा आपल्यातला आहे, विवेकवादी आहे. मग दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर घाटात गेले.

तेही त्याचं एक खूळ होतं. आर्म बसवला की पहिल्या फेरीला तो स्वतः त्या गाडीत बसायचा. मागच्या बाकावर, मागे तोंड करून, डोळे मिटून, एक हात बाकाखाली पत्र्याला लावलेला. आंबेनळीचं पहिलं मोठं वळण आलं की "थांब" म्हणायचा, उतरायचा आणि परत चालत पोलादपूरला यायचा. सोडतो म्हटलं तरी बसायचा नाही. "उतार हाय, चालायला बरं," म्हणायचा. त्या दिवशी वळणावर उतरल्यावर त्याने सदऱ्याच्या आतून नारळ काढला, दगडावर आपटला, पाणी आर्मवर घातलं आणि हात जोडले.

"काका, तुम्ही तर नारळ मानत नाही!"

"कोण म्हणालं?"

"शेडमध्ये बंदी आहे ना?"

"गरम असताना माझी. थंड झाल्यावर देवाची."

आता हे वहीत कोणत्या बाजूला लिहायचं?

राहिला तो चुना. राखेतून काढलेल्या आर्मला बाकीचे वेल्डर काळा रंग फासतात. नवा दिसतो, गिऱ्हाईक खूश. हा पानवाल्याकडून चुना आणायचा आणि काथ्याच्या कुंचल्याने जोडावर चांगला वीतभर पांढरा पट्टा ओढायचा. ड्रायव्हर म्हणायचे, "शेठ, आम्हाला चुना लावता काय?" तो हसायचा नाही. "सगळेच लावतात. मी दाखवून लावतो."

कशासाठी, हे त्याने मला एकदाच सांगितलं, आणि एवढं सलग बोलताना मी त्याला पुन्हा कधी ऐकलं नाही. "तडा गेला की आत पाणी शिरतं. गंज धरतो. पांढऱ्यावर तांबडी रेघ उठते, केसाएवढी. काळ्याखाली दिसंल ती? दर सोमवारी वाकायचं आणि बघायचं. रेघ दिसली की गाडी हाय तिथं उभी करायची. देवळापुढं असंल तर देवळापुढं. घाटात असंल तर घाटात." मग माझ्या वहीकडे बोट दाखवून म्हणाला, "हे लिव."

मी लिहिलं. आणि माझ्या पत्रकातलं सगळ्यात धारदार वाक्य मला तिथेच मिळालं.

पत्रक पावसाळ्याच्या मध्यावर निघालं. मथळा होता 'तुमच्या जिवाशी जोडकाम'. त्यात रस्त्यांबद्दल होतं, तपासणी करणाऱ्या कचेरीबद्दल होतं, आणि तिसऱ्या परिच्छेदात ठळक अक्षरांत हे: 'गाडीखाली वाकून पाहा. आर्मवर पांढरा डाग दिसला, तर त्या गाडीत बसू नका.'

लोक वाकायला लागले. खरंच वाकायला लागले! छत्री सांभाळत, पदर सावरत बायका जीपखाली डोकावताना मी पाहिल्या. आपण लिहिलेल्या वाक्याने माणसं गुडघ्यावर येतात, याहून मोठा आनंद पत्रक लिहिणाऱ्याला नसतो. पंधरा दिवसांत पांढरे डाग दिसेनासे झाले. मी बाबांना फोन केला. "मोहीम यशस्वी," म्हटलं.

त्यालाही पत्रक नेऊन दिलं. लपूनछपून वार करायचा नाही, हेही आमच्या घरचंच. तो चिडेल, फाडेल, मला हाकलेल, याची मी तयारी करून गेले होते. त्याने चष्मा लावला, बोट ठेवून शब्द न् शब्द वाचला. मग पत्रकाची नीट घडी केली आणि रॉडच्या डब्यात, बल्बशेजारी ठेवली.

"छापलंय बरं. शुद्ध हाय. रस्त्याचं लिवलंस ते तर शंभर टक्के खरं."

"आणि तुमच्याबद्दल लिहिलंय ते?"

"ते बी खरं. मी कापतो, जोडतो. कंपनीनं तसं सांगितलेलं नाय." मग म्हणाला, "एक वाक्य उलटं हाय."

"कोणतं?"

"शोध."

मी ते पत्रक दहा वेळा वाचलं. तारीख तपासली, नियम तपासले, बाबांना वाचून दाखवलं. बाबांनाही सापडलं नाही. मला वाटायला लागलं की तो उगाच म्हणाला, मला गोंधळात टाकायला.

गणपतीच्या दोन दिवस आधीची सकाळ. पोलादपूरच्या नाक्यावर मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांची गर्दी, पिशव्या, कागदी मखरं, पाटावर झाकलेल्या मूर्ती. वाड्यांच्या जीपा एकामागे एक भरत होत्या. मी पत्रकाचा दुसरा गठ्ठा घेऊन उभी होते. तेवढ्यात तो आला. चालत, माकडटोपी घालून, एका हातात तारेचा ब्रश, दुसऱ्यात चुन्याचं डबडं, खिशात टॉर्च आणि छोटी हातोडी. कोणाशी काही न बोलता पहिल्या जीपखाली चिखलात आडवा झाला आणि आर्मवरचा काळा रंग खरवडायला लागला.

"ओ काका, सकाळी सकाळी काय टाइमपास लावलाय?" एक चाकरमानी ओरडला. "लेट होतंय. बाप्पा वेट करतोय."

"बाप्पा बसून हाय," खालून आवाज आला. "घाई तुम्हालाच हाय."

पहिली जीप ठीक निघाली. त्याने चुना ओढला, सरपटत बाहेर आला आणि दुसऱ्या जीपखाली गेला. मग तिसऱ्या. लोक हसत होते, कोणी मोबाईलवर व्हिडिओ काढत होतं. चौथी जीप भावोजींची. भरलेली. ताई मुलांना घेऊन पोलादपूरला बाजाराला आली होती, ती परत निघाली होती. वाडीची तीन माणसं, मुंबईचे पाच-सहाजण, टपावर सामान.

खरवडण्याचा आवाज थांबला.

"टॉर्च धर गो," तो म्हणाला. माझ्याशी बोलत होता.

पत्रकं बाजूला ठेवून मी चिखलात गुडघे टेकले आणि आत डोकं घातलं. गाडीखाली वाकून पाहा असं ठळक अक्षरांत छापणारी मी, गाडीखाली पहिल्यांदाच वाकत होते. खरवडलेल्या जागी जुन्या चुन्याचा पांढुरका थर होता. त्यावर जोडाच्या शिवणीला लागून, शिवणीवर नाही, बाजूला, एक तांबडी रेघ. केसाएवढी. पण लांब.

तो बाहेर आला. "उतरा," म्हणाला.

कोणी उतरलं नाही. पावसात कोण उतरतं? भावोजी म्हणाले, "शेठ, सणाच्या दिवशी कशाला उगाच? ही फेरी जाऊ द्या, संध्याकाळी आणतो."

मग त्याने नावं घ्यायला सुरुवात केली. मार्चमध्ये भावोजींनी आर्म दिला तेव्हा सांगितलेली नावं. शाळेत हजेरी घेतात तशी. "रोहित." माझा भाचा खाली उतरला. "सानिका." भाची उतरली. "गंगू आजी, दम्याची." आजीला दोघांनी धरून उतरवलं. ताईचं नाव घेतलं, ती उतरली. एक नावही चुकलं नाही. मुंबईची माणसं त्याच्या यादीत नव्हती. तो दारापाशी उभा राहून एकेकाला विचारायला लागला, "तुमचं नाव काय?" आणि नाव सांगितलं की माणूस आपोआप उतरत होता. मघाचा तो ओरडणारासुद्धा.

गाडी रिकामी झाल्यावर तिथेच गाडीतला जॅक लावून, गाडीतल्याच पान्याने त्याने आर्म काढला. रेघेवर हातोडीची टिचकी मारली. कान लावायची गरज नव्हती, आम्हालाही ऐकू आलं. फुटक्या मडक्यासारखा आवाज.

"पाणी कुणी घातलं?" त्याने विचारलं.

भावोजी टपावरच्या सामानाची दोरी आवळायला लागले.

"निजली नाय ही. पाणी कुणी घातलं?"

ताई म्हणाली, "पाणी नाय घातलं. नारळ फोडला."

हळूहळू सगळं बाहेर आलं. आर्म राखेत पुरला त्या दिवशी संध्याकाळी तो रॉड आणायला महाडला गेला होता. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर. वाडीतली सहा मुलं भल्या सकाळी पोलादपूरच्या केंद्रावर पोचवायची होती, आणि दुसरी गाडी नव्हती. भावोजींनी गोणपाट उचललं, फडक्यात धरून आर्म काढला आणि स्वतःच बसवला. ताई बरोबर होती. तिने रीतीप्रमाणे नारळ फोडला आणि पाणी आर्मवर घातलं. "चर्र झालं," ताई म्हणाली. "मला वाटलं, देवानं घेतलं."

सकाळी मुलांना केंद्रावर सोडून भावोजी चुना लावून घ्यायला शेडवर गेले, रात्रभर राखेतच होता, पहाटे काढून बसवला म्हणून सांगितलं. ह्याने विश्वास ठेवला, घाटात बसून आला, थंड आर्मवर पुन्हा एक नारळ फोडला.

"आणि काळा कुणी फासला? सोमवारी बघायचं सांगितलं होतं ना?"

भावोजींनी माझ्याकडे बघितलं. "मेव्हणीबायनं लिवलं ना, पांढरा डाग दिसला तर बसू नका. रिकामी गाडी घेऊन फिरत होतो चार दिवस. सगळ्यांनी फासला, मी बी फासला. काळ्यावर काय बघणार सोमवारी?"

सगळा नाका माझ्याकडे बघत होता. तो मात्र बघत नव्हता. ब्रशला अडकलेला रंग काढत म्हणाला, "सापडलं वाक्य?"

मी तिथेही भांडले. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी भांडते. म्हटलं, "मुळात तुम्ही जोडताच कशाला? नवा आर्म बसवा म्हणून का सांगत नाही लोकांना?"

"सांगतो की. नवा बसवतात. त्या रस्त्यावर चार म्हयने टिकतो. मंग तो बी वाकडा होऊन माझ्याकडंच येतो."

"तर मग नाही म्हणा!"

"म्हटलं एकदा. तो दुसरीकडं गेला. त्यानं एका तासात जोडून दिला, काळा रंग लावून." पुढे त्या गाडीचं काय झालं, ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

मग आर्मकडे बघत स्वतःशीच म्हणाला, "नारळानंच झालं असंल. नायतर माझाच हात चुकला असंल. राख कमी पडली असंल." आम्ही सगळेजण त्याने कोणाला तरी दोष द्यावा म्हणून थांबलो होतो. मला तर माझ्या वाट्याचा दोष हवाच होता. त्याने कोणालाच दिला नाही.

त्या वर्षी ताईच्या वाडीचे गणपती चालत गेले. भावोजींनी मूर्ती डोक्यावर घेतली, गंगू आजीला दोघांनी डोलीत बसवलं. ताई माझ्याशी गौरी जाईपर्यंत बोलली नाही. मग फोन आला. "रोहितला पुढच्या बाकावर बसायची सवय हाय," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.

नाक्यावरच्या प्रकाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडवर गेले होते, तेव्हा तो भावोजींचा आर्म ग्राइंडरने मधोमध कापत होता. कोणी पुन्हा जोडायला नेऊ नये म्हणून. एक तुकडा त्याने खिळ्याला टांगला. दुसरा राखेत ठेवला आणि म्हणाला, "उद्या ये." म्हटलं, हा तर आता जोडायचाच नाही, मग राख कशाला? "गरम झालीय ना कापताना," म्हणाला. मी दुसऱ्या दिवशी गेले आणि थंड तुकडा घेऊन आले. तो माझ्या टेबलावर आहे. पत्रकं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवते.

दिवाळीनंतर शेड बंद झाली. कोणी म्हणतं मुलीकडे माणगावला गेला, कोणी म्हणतं डोळे गेले. कोणी म्हणतं कचेरीतून नोटीस आली, आणि ती माझ्या पत्रकामुळे आली. मी कचेरीत विचारायला गेले, कोणी धड सांगितलं नाही. नोटीस आली असेल तर मी जे मागत होते तेच झालं. मग मला बरं का वाटत नाही? राखेची पेटी अजून तिथेच आहे. दुपारी कोंबड्या तिच्यात अंग घुसळत बसलेल्या असतात. आणि जीपवाले आता जोडाला कुठे जातात ते मला माहीत आहे. तिथे एका तासात होतं. काळा रंग लावून मिळतो.

तो गुन्हेगार होता का? नियमाने होता. त्याच्याइतका जबाबदार माणूस मी आमच्या तालुक्यात पाहिला नाही, हेही खरं. ही दोन्ही वाक्यं एका पत्रकात कशी बसवायची, हे बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "कदाचित..." आणि पुढे काही बोललेच नाहीत. त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

आर्म कापून जोडू नये. रस्ते नीट करावेत. या दोन मागण्यांवरून मी हललेली नाही. पण रस्ता होईल तेव्हा होईल, आणि तुमची जीप उद्या सकाळी आहे.

म्हणून एक करा. माझं ते पत्रक तुमच्या घरात कुठे असेल, ट्रंकेत, डब्याखाली, तर शोधा. तिसऱ्या परिच्छेदातलं ठळक वाक्य पेनाने खोडा आणि त्याच्यावर लिहा: 'जोड असेल आणि त्यावर पांढरा डाग दिसला नाही, तर बसू नका.' मग उद्या सकाळी नाक्यावर जा, चिखलाची पर्वा न करता गाडीखाली वाका. काळा रंग असेल तर ड्रायव्हरला तुमचं नाव सांगा आणि म्हणा, हा खरवड, तांबडी रेघ नाही ना ते दाखव, चुना लाव, मग बसते. तो घाईत असेल. तुम्ही असू नका.